सेकीची म्हणून घेतलेली सुरी

नागोयात राहून मी जपानी सुरीतच फसलो, हे सांगायला लाज वाटते. पण सुट्टीला घरी जाताना भेट म्हणून इथल्या सुऱ्या नेणारे आपले लोक पुष्कळ आहेत, म्हणून लिहितोय.

फोनवर जाहिरात आली. सेकी गावचे एक म्हातारे लोहार आजोबा, भट्टीपुढे बसलेले, हातावर भाजल्याचे डाग. पुढे चालवायला कोणी नाही, कारखाना बंद करतोय, उरलेल्या सुऱ्या ८० टक्के सवलतीत. सेकी म्हणजे गिफू प्रांतातलं तलवारींचं गाव, तिथली लोहारकी कामाकुरा काळापासूनची, म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीची. आजोबांकडे बघून माझी आई विळी कशी जपते ते आठवलं आणि तिथेच मी विकला गेलो. पात्यावर लाटांची नक्षी, किंमत ९,८०० येन. पैसे सुरी घरी आल्यावर कुरिअरवाल्याकडे द्यायचे. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे धोका नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पैसे हातावर ठेवल्याशिवाय खोकं फोडता येत नाही, एवढं साधं सुचलं नाही.

सुरी दिसायला झकास होती. आठवड्याभरात ती टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेचायला लागली.

सेकीत दर वर्षी शरदात सुऱ्यांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव, सुऱ्या, कात्र्या, नेलकटर. एकीकडे जुन्या पद्धतीने तलवार घडवूनही दाखवतात. सुरी तिच्याच गावी नेऊन धार लावून घ्यावी म्हटलं. खोक्यात घालून, वरून चिकटपट्टी लावून नेली, कारण जपानात ६ सेंटीमीटरपेक्षा लांब पातं विनाकारण जवळ बाळगणं गुन्हा आहे.

धार लावणाऱ्या काकांनी पात्याच्या नक्षीकडे बघितलंच नाही. आधी सुरी उभी धरून वरची बोथट कड बघितली. मग पाण्यात भिजवलेला १००० नंबरचा दगड घेतला, धारेच्या वरचा भाग जरा पातळ करायला पातं जवळजवळ आडवं टेकवलं आणि तीन बोटांनी दाबून आठ-दहा वेळा घासलं. दगडावर राखाडी चिखल आला. फडक्याने पुसलं, तर तेवढ्या पट्ट्यातली नक्षी गायब. खाली साधं पांढरं पोलाद.

काकांनी शेजारच्या मांडवातली सुरी आणून दाखवली. खऱ्या थरांच्या पात्यात मधोमध कडक पोलाद असतं आणि दोन्ही बाजूंना थरांचं वेष्टण. म्हणून नक्षी धारेच्या थोडी वरच थांबते, खाली साधी पट्टी राहते, आणि वरच्या कडेवर थरांच्या रेघा दिसतात. घासल्यावर तीही नक्षी पुसट होते, पण थर आतपर्यंत असल्यामुळे आम्लाने पुन्हा उठवता येते. माझ्या सुरीवरच्या लाटा थेट धारेपर्यंत आलेल्या आणि वरची कड कोरी. नुसती लेझरने काढलेली रांगोळी! “पण सेकीचीच आहे ना?” मी विचारलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन ते संकेतस्थळ नीट बघितलं. जपानात ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता, फोन द्यावा असा कायदा आहे. इथे फक्त एक ईमेल. तिकडून उत्तर आलं: स्वतःच्या खर्चाने परदेशातल्या पत्त्यावर परत पाठवा, नाहीतर सुरी ठेवून २० टक्के परत घ्या. टपालखर्च धरला तर दोन्ही सारखंच. मग १८८ ला फोन केला. हा ग्राहक तक्रारींचा नंबर. जपानीत हे आकडे ‘इयाया’ असे वाचता येतात, म्हणून ‘इयाया’ म्हणजे ‘नको बाबा’ असा लक्षात ठेवतात. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या की ऑनलाइन खरेदीला कूलिंग-ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करायची मुभा, लागू नसतो. खोक्यावरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव असेल ते जपून ठेवा, असंही सांगितलं. खोकं मी जत्रेतच टाकून आलो होतो.

मधे बायकोच्या फोनवर तेच आजोबा पुन्हा दिसले. भट्टी तीच, डाग तेच, फक्त आता ते साकाईचे, म्हणजे सुऱ्यांसाठीच प्रसिद्ध दुसऱ्या गावचे, झालेत.

त्या काकांनी धार मात्र लावून दिली होती. आठवडाभर टिकेल म्हणाले. चार दिवस टिकली.