रबरी ट्यूबांचा व्यायाम संच: सोलापूरच्या घरात नऊ महिने वापरल्यानंतर

संच नेहमीचा ११ नगांचा आहे. पाच ट्यूबा, दोन मुठी, घोट्याला बांधायचे दोन पट्टे, दारात अडकवायचा एक पट्टा आणि एक पिशवी. किंमत हजाराच्या आत. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत दोन मोठी माणसं आणि साठी ओलांडलेली एक आजी असे तिघं तो वापरत आहेत. थंडीही झाली, मे महिनाही झाला. आमचं मत आधीच सांगतो: ज्या घरात सायकल किंवा ट्रेडमिल ठेवायला कोपरा नाही आणि सलग तासभर कोणालाच मिळत नाही, तिथे या पैशात यापेक्षा उपयोगी वस्तू सापडणं अवघड आहे. मात्र ट्यूबा टिकवणं आणि दारात नीट अडकवणं या दोन गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. डब्यावर त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

पहिला गैरसमज ट्यूबेवरच्या आकड्याचा. त्यावर १०, १५, २०, २५, ३० पौंड असं छापलेलं असतं आणि पाचही एकत्र लावल्या की १०० पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो, असा हिशोब मांडलेला असतो. पण रबराचा ओढा डंबेलसारखा कायम एकच नसतो, तो ताणाबरोबर वाढतो. मूळ लांबीच्या दुप्पट ताणल्यावर जेवढा ओढा लागतो, तिप्पट ताणल्यावर त्याच्या साधारण दीडपट लागतो. ट्यूब चार फुटांची आहे. मध्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट येते. मूठ खांद्यापर्यंत आणली की ती दुप्पट होते, डोक्यावर नेली की तिपटीच्या आसपास जाते. त्यामुळे पाच फूट उंचीच्या बाईला जी ट्यूब बेताची वाटते, तीच पावणेसहा फुटी माणसाला जड जाते आणि हात वर नेताना सुरक्षित ताणाच्या बाहेर जाते. उंच माणसाने हा प्रकार खुर्चीवर बसून, ट्यूब मांड्यांखालून घेऊन करावा. आकडे विसरा. दहा वेळा सहज होतं आणि शेवटच्या दोन-तीन वेळा कस लागतो, ती आपली ट्यूब.

आता दार. याबद्दल जास्त लिहितो, कारण इजा होते ती इथेच. दाराच्या पट्ट्याला एका टोकाला फोमची गुंडाळी असते. ती फटीतून पलीकडे टाकून दार बंद करायचं आणि अलीकडच्या फाशात ट्यूब ओवायची. आपण ओढू तेव्हा दार आणखी घट्ट बसलं पाहिजे, उघडता कामा नये. म्हणजे दार ज्या बाजूला ढकलून उघडतं, त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं, म्हणजे ओढ्याने दार चौकटीवर दाबलं जाईल. शंका असली तर कडी लावून हाताने आधी जोरात ओढून पाहा. गुंडाळी बिजागरीच्या बाजूला टाकावी, कडीच्या बाजूला नाही. तिथे फट कमी असते आणि दार चुकून उघडलं तरी पट्टा एकदम सुटत नाही. जुन्या सोलापुरातल्या वाड्यांच्या दोन झडपांच्या दारांना मधे बोटभर फट असते. त्यातून गुंडाळी निसटते, तिथे हा प्रकार करूच नका. न्हाणीघराचं प्लास्टिकचं दारही नको. त्यापेक्षा खिडकीचा पक्का गज चांगला, पण ट्यूब थेट गजावर घासू देऊ नका. रंगाचे पोपडे आणि गंज रबराला बारीक चिरे पाडतात. आधी जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळा, त्यावर कापडी पट्टा आणि पट्ट्यात ट्यूब.

आमच्याकडे सातव्या महिन्यात सगळ्यात बारीक ट्यूब तुटली. मधे तुटली नाही, मूठ अडकवायच्या हुकाजवळच्या टोकाला तुटली. ट्यूबेच्या टोकात एक कडक बूच बसवलेलं असतं. ताणताना रबर त्याच्या काठावर वाकतं आणि पहिली चीर तिथेच पडते. म्हणून दर आठवड्याला टोकाजवळचा चार बोटांचा भाग अंगठ्याने वाकवून उजेडात बघावा. पांढरट रेघ, खाच किंवा चिकटपणा दिसला की ती ट्यूब टाकून द्यायची. गाठ मारून किंवा सायकलचं पंक्चर चिकटवतात तसं चिकटवून वापरू नये. तुटलेलं टोक तोंडावर येतं, आणि डोळ्याला लागलं तर ते थोडक्यात निभावत नाही. याच कारणाने लहान मुलांच्या हाताला लागेल असा संच ठेवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा रबरावर परिणाम होतोच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. नैसर्गिक रबराला ऊन, उष्णता आणि तेल हे तिन्ही मारक. यातलं तेल कोणाच्या लक्षात येत नाही. केसांना खोबरेल लावून तसंच ट्यूब धरली की रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच सुरुवात करावी. ट्यूबा खिळ्याला ताणून टांगू नयेत. कापडी पिशवीत सैल ठेवून लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात टाकाव्यात. पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवायच्या, मग अंगाला लावायची टाल्कम पावडर चोळायची. तुटलेली ट्यूब पहिले चार महिने गच्चीच्या जिन्यात टांगलेली होती. बाकीच्या चार अजून ठीक आहेत.

मुठींवरचा फोम सहा महिन्यांत घामाने चिंबून फाटायला लागतो. त्यावर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली की काम भागतं. घोट्याचे पट्टे चांगले आहेत, फारसे लागले नाहीत.

जमिनीबद्दल एक महत्त्वाचं. ट्यूबेवर अनवाणी उभं राहिलं आणि ती बोटांखालून सुटली तर सरळ हनुवटीवर येते. ट्यूब तळव्याच्या मधल्या खळग्याखाली असावी आणि घरात घालायला स्वच्छ कॅनव्हासचे बूट असावेत. गुळगुळीत शहाबादी फरशीवर चादर अंथरून उभं राहू नका, चादर सरकते. झोपून करायच्या प्रकारांना मात्र सोलापुरी चादरीची चौपदरी घडी उत्तम, पाठीला टोचत नाही.

वेळेचा मेळ कसा बसतो? डबे, भाकरी, शाळेची रिक्षा, कारखान्याची पाळी यांत सलग पाऊण तास सापडत नाही. आम्ही आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं धरली आणि तीही गरज पडली तर दहा-दहाची करून. कणीक मळून झाकून ठेवली की ती मुरेपर्यंतची दहा मिनिटं, आणि संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसल्यावरची दहा. चार प्रकार पुरतात: ट्यूबेवर उभं राहून उठबस, कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत उठणं, दाराला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं आणि छातीपासून पुढे ढकलणं. प्रत्येकाचे १० ते १५ चे दोन फेरे, मधे मिनिटभर थांबणं. ओढताना दोन सेकंद, सोडताना तीन. सोडताना घाई केली तर अर्धा फायदा जातो आणि कोपर दुखायला लागतं. दोन्ही फेऱ्यांत १५ सहज झाले की अर्धं पाऊल मागे सरकायचं किंवा पुढची ट्यूब घ्यायची.

पाण्याच्या दिवशी मात्र वेगळं. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरातली एक व्यक्ती दहा-पंधरा लिटरच्या कळशा आणि बादल्या तासभर उचलत असते. म्हणजे १० ते १५ किलो, वीस-पंचवीस वेळा. पाठ, मनगट आणि पकड यांचा व्यायाम तिथेच झालेला असतो. त्या दिवशी ओढायचे प्रकार वगळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंबर धरते. उलट कमरेतून वाकायचा जो प्रकार ट्यूबेवर शिकलात, तोच कळशी उचलताना वापरा: कळशी पायांच्या जवळ, गुडघे थोडे वाकलेले, पाठ ताठ.

विड्या वळणाऱ्या किंवा दिवसभर शिलाई मशिनवर मान खाली घालून बसणाऱ्या बायकांसाठी सगळ्यात बारीक ट्यूब फार कामाची आहे. ती छातीसमोर दोन्ही हातांत धरून बाजूला ताणायची, खांदे कानांकडे न उचलता, १२ वेळा, दिवसातून दोनदा. या एका प्रकारासाठी सुद्धा संच घ्यावा असं आम्हाला वाटतं. आजींसाठी ट्यूबेपेक्षा आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ वेळा, आणि ओट्याला बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. ते जमल्यावर बारीक ट्यूब. श्वास रोखून ओढू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल, मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

खंड पडणारच. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, पाहुणे, मग लग्नसराई. दोन आठवडे सुटले की पुन्हा सुरू करताना एक ट्यूब खाली उतरावं आणि एकच फेरा करावा. पहिल्याच दिवशी जुन्या ट्यूबेला हात घातला की दोन-तीन दिवस जिना उतरता येत नाही, आणि सवय तिथेच मोडते.

हा संच दम वाढवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. ट्यूबांनी दुसरा भाग भागतो. पहिल्यासाठी सिद्धेश्वर तलाव किंवा संभाजी तलावाच्या बाजूला भरभर चालणं आहेच. मेमध्ये साडेसहाच्या आत घरी परतता येईल अशा बेताने निघा.

आता तुटलेल्या ट्यूबेच्या जागी सुटी ट्यूब घ्यायला गेलो तर बहुतेक दुकानांत पूर्ण संचच देतात. म्हणून घेतानाच दोन गोष्टी पाहा: हुक काढता येतात का, आणि ट्यूबेच्या आतून सुरक्षिततेची दोरी ओवलेली आहे का. अशी दोरी असली तर रबर तुटलं तरी टोक उडत नाही. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी तसाच घ्या.