घोडा बघताना आधी लगाम उतरवायला लावा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायचा बेत असेल तर हे वाचून जा. गेल्या दत्तजयंतीला मी आणि माझ्या मेव्हण्याने तिथल्या एका व्यापाऱ्याकडून पावणेदोन लाखांना कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस घोडा घेतला. मान कमानीसारखी, पाय उचलून जागच्या जागी नाचणारा. घोडा धापा टाकत होता, तर व्यापारी म्हणे, "मस्तीत आहे." आणि लगेच मानेवरचा देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, दाखवायला लागला.

घरी लगाम, जेरबंद (डोकं खाली बांधून ठेवणारा पट्टा) सगळं उतरवून मोकळ्या दोरावर दुडकी काढली, तेव्हा सोंग उघडं पडलं. पावलागणिक मान वर! पुढचा पाय दुखरा असला की तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर भार कमी येतो. लंगडा घोडा ओळखायची ही पहिली खूण. बाजारात ती दिसणार कुठून? जेरबंदाने डोकं खाली छातीकडे आवळून टाकलेलं. अशी मान बांधली की पाठ ताठरते, पाऊल पुढे पडायचं सोडून नुसतं वर उचललं जातं. लोक त्यालाच नाच समजून शिट्ट्या मारतात. धापेचंही तेच. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने. हनुवटी छातीला लावली की घशातली वाट अरुंद होते.

मग डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तिथे लगामाची कडी बसते. हाडावर नुसतं पातळ कातडं. आमच्या घोड्याच्या तिथे दोन्ही बाजूंना जुने व्रण, जिभेला आडवा चर. काटेरी लगामाचं काम. 1965 च्या केंद्राच्या नियमांत तसल्या लगामाला बंदी आहे, पण विचारतो कोण.

व्यापाऱ्याला फोन केला, तर म्हणतो, "तुमच्याकडे आल्यावर मुरगळला असेल." पावतीवर रंग, उंची, भोवरे सगळं आहे, पायाबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा बयाणा द्यायच्या आधी साध्या म्होरकीवर (तोंडात कडी नसलेल्या), दोर सैल सोडून, कडक जमिनीवर दुडकी काढायला लावा. मऊ मातीत बरंच लपून जातं. जाणकार सोबत असेल तर त्याला हिरड्या चाचपायला सांगा, आणि पाय-तोंड निर्दोष असल्याचं पावतीवर लिहून घ्या. "लगाम काढला तर आवरणार नाही" असं कुणी म्हणालं, तर सरळ पुढच्या दावणीला चला.