आरसा चकचकीत आला, पण आपला नव्हता

दुर्बिणीचा आठ इंच व्यासाचा आणि ३२ मिलिमीटर जाडीचा, पायरेक्स या कमी प्रसरण पावणाऱ्या काचेचा आरसा तराजूवर सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. कोटिंगला, म्हणजे चकाकीचा नवा थर चढवायला, गेलेला असाच एक आरसा परत आल्यावर काही महिन्यांनी तोलला, तर अडीच किलो भरला. अ‍ॅल्युमिनियमचा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. आठ इंची आरशावर त्याचं वजन नऊ मिलिग्रॅमही होत नाही. मग वरचं पाव किलो आलं कुठून?

आलं ते काच बदलल्यामुळे. दुर्बीण होती एका तालुक्याच्या गावातल्या हौशी आकाशनिरीक्षण मंडळाची. एफ/६ न्यूटोनियन: तळाशी मोठा खोलगट आरसा, तोंडाशी लहान सपाट ‘सेकंडरी’ आरसा, आणि मोठ्या आरशाचं नाभीअंतर व्यासाच्या सहापट, १२२० मिमी. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, म्हणजे १९८६च्या सुमारास, हाताने घासून केलेला आरसा. असे आरसे आजही बऱ्याच ठिकाणी माळ्यावर, शाळेच्या कपाटात, गोदरेजच्या तळाशी पडून असतात. कोटिंग गेलेलं असतं, काच मात्र उत्तम असते. घासणारा माणूस आता हयात नसतो किंवा गाव सोडून गेलेला असतो, आणि ज्यांच्याकडे आरसा आहे त्यांना त्याची किंमत ठाऊक नसते. ‘जुन्या दुर्बिणी दुरुस्त करून मिळतील’ म्हणणाऱ्यांतल्या काहींचं फावतं ते इथेच.

या आरशावर पावसाळी हवेने तपकिरी डाग पडले होते, ट्यूबलाइटसमोर धरला की सुईने टोचल्यासारखी शेकडो भोकं दिसत. कडेला आठ बाय पाच मिलिमीटरचा टवका उडाला होता आणि मध्यापासून थोडा बाजूला सहा सेंटिमीटर लांबीचा ओरखडा होता. दुरुस्ती करणाऱ्याने फोटो बघूनच निदान केलं: ओरखड्यामुळे प्रतिमा फाटेल, टवक्यामुळे प्रकाश विखुरेल, आणि इतक्या जुन्या काचेवर नवं कोटिंग धरत नाही. म्हणून आधी पॉलिश, मग कोटिंग, आणि सेकंडरी आरसाही नवा. अर्धे पैसे आधी, अर्धे पाठवण्याआधी.

तिन्ही वाक्यं खोटी होती, आणि ती खोटी आहेत हे कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत कळलं असतं. आठ इंची आरशाचं क्षेत्रफळ सुमारे ३२,४०० चौरस मिमी. टवका ४० चौरस मिमी, म्हणजे ०.१२ टक्के. ओरखडा ०.२ मिमी रुंद धरला तर १२ चौरस मिमी, म्हणजे ०.०४ टक्के. त्याच दुर्बिणीतला ५० मिमीचा सेकंडरी आरसा सहा टक्के प्रकाश अडवून बसलेला असतो, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही! टवक्यावर काळा मॅट रंग लावायचा की झालं काम. ओरखडा तसाच सोडायचा.

जुन्या काचेचं म्हणाल तर काचेला मुदत नसते. अमेरिकेतल्या माउंट पालोमारच्या दुर्बिणीचा २०० इंची आरसा १९३४ साली पायरेक्समध्ये ओतला, १९४९पासून तो आकाशाकडे बघतो आहे आणि त्याच काचेवरचं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा काढून नवं चढवतात. कोटिंग धरत नाही ते काच नीट धुतलेली नसेल तेव्हा.

सगळ्यात घातक शब्द मात्र ‘पॉलिश’. इथे जरा थांबायला हवं, कारण पुष्कळजण हा शब्द ऐकून उलट खूश होतात. दुर्बिणीच्या आरशात पैसे मोजायचे ते चकाकीचे नव्हेत, आकाराचे. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग अपेक्षित वक्रतेपासून सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत असावा लागतो. हा आकार, म्हणजे फिगर, पिच लॅपवर, म्हणजे डांबरासारख्या पिचचा थर दिलेल्या चकतीवर, तासन्‌तास हात फिरवून, दर थोड्या वेळाने तपासून आणलेला असतो. कुणी फेल्टच्या चकतीवर सेरियम ऑक्साइडची पॉलिशची पूड घेऊन मशीनने दहा मिनिटं ओरखडा ‘काढला’, तर कडा खाली झुकते, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आणि वर कोटिंग चढलं की सगळं झाकलं जातं. आरसा लखलखीत, फिगर मातीमोल. म्हणून अ‍ॅल्युमिनायझिंगला आरसा देताना चिठ्ठीवर ठळक लिहायचं: ‘फक्त जुनं कोटिंग काढणे व नवं चढवणे. काचेला पॉलिश करू नये.’ खरा कोटिंगवाला हे वाचून हसतो, कारण तो पॉलिश करतच नाही. जुना थर फेरिक क्लोराइडने उतरवतो, काच धुतो, आणि व्हॅक्यूम टाकीत टंगस्टनच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियमची वाफ करतो.

या प्रकरणात तर पॉलिशही झालं नाही. आरसाच बदलला. आणि बदललेल्या आरशावरचं कोटिंग अगदी खरं, चांगल्या प्रतीचं होतं. लबाडी पचली ती त्यामुळे. मंडळींनी कोटिंग तपासलं: कडेला अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला, काही निघालं नाही (क्रोम स्प्रे असता तर लगेच विरघळला असता). सेलोटेप लावून ओढली, थर उपटला नाही. दिव्यासमोर धरला, एकही भोक नाही. सगळे खूश. ‘पाठ इतकी कोरी कशी?’ हे एकाने विचारलं होतं, कारण मूळ आरशाच्या पाठीवर करणाऱ्याने डायमंड पेन्सिलने तारीख कोरली होती. उत्तर आलं, ‘मागूनही घासून स्वच्छ केला, त्याचे पैसे लावले नाहीत.’

आरसा हातात आला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. हमी तीन महिन्यांची. महाराष्ट्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुर्बीण उघडायचा प्रश्नच येत नाही. हमी ढगांखालीच संपली. हा योगायोग असेल असं मानायला जागा नाही, आरसा मार्चपासून दुरुस्तीवाल्याकडेच पडून होता.

ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं. अभिजितजवळचा ‘डबल डबल’ हा जोडतारा आठ इंचीतून दीडशे पटीवर चार सुट्या ठिपक्यांत दिसायला हवा, प्रत्येक जोडीतल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर सव्वादोन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) घरात आहे. दिसले ते कापसाचे दोन बोळे. दुरुस्तीवाल्याची फोनवर उत्तरं तयार होती: कॉलिमेशन करा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवा. आरसा थंड होऊ द्या. हवा अस्थिर आहे. आयपीस जुना आहे. यातलं प्रत्येक कारण एरवी खरं असू शकतं, त्यामुळे माणूस गप्प बसतो आणि पुढचे दोन आठवडे स्क्रू फिरवत राहतो. कॉलिमेशनचा दोष असेल तर तारा धूमकेतूसारखा एका बाजूला शेपटी काढतो. हवेचा असेल तर क्षणभर तरी प्रतिमा ठरते. इथे प्रतिमा रोज, सगळीकडे, सारखीच मऊ होती. तारा फोकसच्या आत नेला की तबकडीची बाहेरची कड झगझगीत, फोकसच्या बाहेर नेला की कड विरलेली आणि मधे उजळ. दोन्ही बाजूंचं चित्र असं वेगळं दिसलं की आरसा गोलीय आहे (चेंडूच्या आतल्या बाजूसारखा सगळीकडे सारख्या वक्रतेचा; दुर्बिणीला हवा पॅराबोला, मध्याशी किंचित जास्त खोल) असा संशय घ्यायचा.

शहानिशा केली फूकोच्या चाचणीने. लिआँ फूकोने १८५८ साली दिलेली ही युक्ती आजही घरी हजार भानगडींशिवाय होते. एलईडीसमोर अॅल्युमिनियम फॉइलला सुईचं भोक, शेजारी दाढीचं पातं, दोन्ही एकाच सरकत्या फळीवर, आणि फळी मागेपुढे करायला एम-६चा स्क्रू. त्याचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. आरसा उभा करून नाभीअंतराच्या दुप्पट, म्हणजे २४४० मिमीवर ही फळी मांडायची. एफ/६च्या आठ इंची पॅराबोलिक आरशात मध्यभाग आणि कड यांच्या वक्रताकेंद्रांत २.१ मिमीचा फरक यायला हवा, म्हणजे स्क्रूचे दोन फेरे आणि थोडं वर. पुठ्ठ्याचा मास्क लावून आरशाच्या वर्तुळाकार पट्ट्यांवर मोजलं तर १.८च्या आसपास भरतो. या आरशात फरक शून्य. पातं आत सरकवलं की सगळा आरसा एकदम, एकसारखा करडा होई. दिसायला फारच सुंदर, आणि तेच वाईट: आरसा अचूक गोलीय होता.

गोलीय आणि पॅराबोला यांत या आरशाच्या कडेला पडणारा फरक एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. डोळ्याला, बोटाला, वक्रता मोजणाऱ्या स्फेरोमीटरला तो कळणार नाही. सहा इंची एफ/८ आरसा गोलीय ठेवला तरी चालून जातो, चूक प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या घरात राहते. आठ इंची एफ/६ला तीच चूक सुमारे ०.८ तरंगलांबी होते. पॅराबोला करायचं काम वाचवून गोलीय आरसा स्वस्तात पडतो, आणि घेणाऱ्याला फक्त चकाकी दिसते.

मग तराजू काढला. ही चाचणी सगळ्यात सोपी आणि जूनमध्येच व्हायला हवी होती. पायरेक्सची घनता २.२३, साध्या प्लेट काचेची २.५. व्यास आणि जाडी मोजून, खोलगट भागाचे चौतीस घन सेंटिमीटर वजा करून घनफळ येतं सुमारे १००० घन सेंटिमीटर. पायरेक्स असता तर २.२३ किलो भरला असता. भरला अडीच. कडेचा हिरवट रंगही प्लेट काचेचाच होता. प्लेट काच पायरेक्सच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे संध्याकाळी आरसा निवत असताना त्याचा आकारही जास्त बिघडतो.

सेकंडरीचं काय झालं? तो फ्रेमवाल्याकडच्या तीन मिमी आरशाचा अंडाकृती कापलेला तुकडा होता. पेनचं टोक आरशाला टेकवायचं: टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर चकाकी पुढच्या बाजूला आहे, मधे फट दिसली तर मागे, म्हणजे ड्रेसिंग टेबलाचा आरसा. इथे चांगली ठळक फट होती. (पेनाला कापडाचं टोक लावा, नाहीतर चांगल्या आरशावर आपणच ओरखडा काढाल.)

तक्रार करायची तर हातात काय होतं? पावती नाही. पैसे यूपीआयने वैयक्तिक खात्यात. कुरियरच्या चिठ्ठीवर ‘ग्लास आयटम, १ नग’. पायरेक्स पाठवला होता हे सिद्ध करणारा कागदच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होते, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. पण आयोगापुढे ‘आमचा आरसा वेगळा होता’ हे सांगायला वजन, फोटो, खूण काहीतरी लागतं.

तेव्हा आरसा घराबाहेर जाण्याआधी एवढं करून ठेवा. ग्रॅमपर्यंत वजन. व्यास आणि जाडी व्हर्नियरने. नाभीअंतर, दोन मिलिमीटरच्या अचूकतेने. टवके-ओरखड्यांचे मोजपट्टीसह फोटो, कारण तेच आरशाचे अंगठ्याचे ठसे असतात. पाठीवर डायमंड पेन्सिलने खूण. जमल्यास रॉन्की जाळीतून (बारीक समांतर रेघांची पट्टी) वक्रताकेंद्राशी दिसणाऱ्या रेघांचा फोटो: पॅराबोलाच्या रेघा वाकलेल्या दिसतात, गोलीयच्या सरळ. हे सगळं चलनावर लिहून समोरच्याची सही घ्या. सही द्यायला जो कां कूं करतो, त्याच्याकडून आरसा तिथल्या तिथे परत घ्या. फूको चाचणीची मांडणी करायचा कंटाळा असेल तर जवळच्या आरसे घासणाऱ्यांना गाठा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, आणि तिथे शिकलेली माणसं बऱ्याच गावांत सापडतात.

मूळ पायरेक्स परत मिळाला नाही. बदली आलेला गोलीय आरसा मात्र फेकून द्यावा लागला नाही. नवंकोरं कोटिंग फेरिक क्लोराइडने उतरवलं (हातमोजे घालून, प्लास्टिकच्या घमेल्यात), आठ इंची पिच लॅप ओतला, आणि डब्ल्यू आकाराच्या लांब फेऱ्यांनी मध्यभाग खोल करत नेला. दर दहा मिनिटांनी थांबून, काच तासभर निवू देऊन मोजायचं. गरम काच खोटं बोलते. पट्ट्यांमधला फरक १.८ मिमी भरला तेव्हा थांबवलं, आणि आरसा दुसऱ्या कोटिंगवाल्याकडे गेला. पाठीवर आता कोरलेलं आहे: प्लेट, २५०० ग्रॅम, १२२० मिमी.