कोल्हापुरात सिटी बसने रोजची ये-जा: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी स्कूटर बंद केली आणि रंकाळ्याहून सायबर चौकापर्यंत सिटी बसने जायला लागले. गुडघ्याचं निमित्त होतंच, पण खरं सांगायचं तर बिंदू चौक ते उमा टॉकीज एवढासा टप्पा संध्याकाळी गाडीवरून पार करणं नको झालं होतं. तेव्हापासून पावसाळा, गणपती, नवरात्र, फुटबॉलचा सीझन आणि जोतिबाची चैत्र यात्रा असं सगळं बसमधून बघून झालंय. आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगते. बस मी सोडणार नाही. गर्दीत उभं राहणं, उशीर, पावसात गळणारी खिडकी, हे सगळं मला चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे कुणी काही न सांगणं. गाडी का थांबली, आज कुठून वळणार, पुढची कधी येणार, हे कळलं तर माणूस अर्धा तास शांतपणे उभा राहतो. नाही कळलं तर पाच मिनिटांत रिक्षाला हात करतो.

हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं त्याला माझा भाचाही कारण आहे. तो मेलबर्नला ट्राम चालवतो. मी बसने जायला लागल्यापासून आमच्या फोनवरच्या गप्पांचा विषयच बदलला. "मावशी, आज गाडी किती उशिरा आली?" इथून सुरुवात होते आणि मग तासभर घोषणा, गर्दी, थांबे. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सगळ्यात मोठं, जवळपास २५० किलोमीटर दुहेरी रूळ. मला वाटायचं, रूळ आहेत म्हणजे यांना ट्रॅफिकचा त्रास नाही. पण तिथले जवळपास तीन चतुर्थांश रूळ मोटारींच्याच रस्त्यावरून जातात. पुढे मोटार अडकली की मागे ट्राम अडकली. आपला बसड्रायव्हर निदान बाजूने काढून घेतो, ट्रामला तीही सोय नाही. त्यामुळे लोकांना सांगत राहणं हा त्यांच्या नोकरीतला मोठा भाग आहे, असं तो म्हणतो.

घोषणांचं बघू. त्यांच्याकडे पुढच्या थांब्याचं नाव आधी ध्वनिमुद्रित आवाजात येतं, पाटीवरही दिसतं. शहराच्या मध्यभागात जानेवारी २०१५ पासून ट्राम फुकट आहे. त्या भागाची हद्द संपत आली की गाडीत तसं सांगतात, म्हणजे ज्याच्याकडे तिकिटाचं कार्ड नाही त्याला वेळेत उतरता येतं. मला ही घोषणा फार आवडली. नुसतं ठिकाणाचं नाव सांगून ती थांबत नाही, आता काय करायचं तेही माणसाला कळतं, आणि करायला वेळही उरतो.

आपल्याकडे हे काम कंडक्टरच्या गळ्यावर आहे. माझ्या वेळेच्या गाडीवर एक कंडक्टर असतात, पन्नाशीचे, कानावर कायम पेन. त्यांची पद्धत मी रोज बघते. बिंदू चौकातून दोन टोले दिले की तिथेच, गाडी हलता हलता, ते ओरडतात, "उमा टॉकीजवालं म्होरं या!" थांबा यायच्या आत उतरणारी माणसं दाराशी आलेली असतात. गाडी थांबते, माणसं उतरतात, लगेच दोन टोले. दुसरे एक कंडक्टर आहेत, तेही स्वभावाने चांगले, पण ते थांबा आल्यावर नाव घेतात. मग मागच्या सीटवरच्या आजी पिशवी शोधतात, उभी असलेली पोरं अंग चोरतात, एकच दार, त्यातूनच खालचे वर घुसतात. एका थांब्यावर केवढा वेळ जातो! तीच गाडी, तोच रस्ता, तेवढीच गर्दी, पण पहिल्या कंडक्टरांच्या दिवशी मी सायबर चौकात लवकर पोचते. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे १९९८ साली शेवटचे कंडक्टर गेले. जुने प्रवासी अजून त्यांची आठवण काढतात."

कंडक्टर हे आपल्या बसचं मोठं बळ आहे असं माझं मत झालंय. मशीनला म्हातारी बाई दिसत नाही. ध्वनिमुद्रित घोषणा कोल्हापुरात जरूर याव्यात, नवख्या पाहुण्यांना आणि ज्यांना नीट दिसत नाही त्यांना त्या हव्यातच. पण त्या आल्या म्हणून कंडक्टरांनी बोलणं बंद करू नये.

आता गर्दी. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण कोल्हापूरला गर्दीचे दिवस काय कमी आहेत? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग, विसर्जनाला मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत मंडळंच मंडळं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की अख्ख्या पेठा रस्त्यावर. या दिवसांत बसचा रस्ता बदलणारच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मिरवणुकीच्या रस्त्यावर बस नेऊन करायचं काय?

नवरात्रातला एक दिवस सांगते. भाचा तेव्हा सुट्टीवर आला होता आणि हट्टाने माझ्याबरोबर बसने निघाला. गंगावेशीत गाडी भरली. दोन टोले द्यायच्या आधी ते कानावर पेनवाले कंडक्टर मधल्या दांड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ऐका हो सगळी. आज गाडी शिवाजी चौकाला जाणार न्हाई, रस्ता बंद हाय. सीपीआरला जाणारी हात वर करा." सीपीआर म्हणजे आमचं सरकारी रुग्णालय. तीन-चार हात वर झाले. "तुमी दसरा चौकात उतरायचं. तितनं सीपीआर चालत जवळ हाय. मी सांगतो कवा उतरायचं ते. अंबाबाईला जाणारी इतंच उतरा, हितनं चालत लवकर पोचशीला." सात-आठ माणसं तिथल्या तिथे उतरली, तिकीट अजून फाडलेलं नव्हतं. आत जरा हवा झाली. राधानगरीकडून आलेल्या एक मावशी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. दसरा चौकात कंडक्टरांनी त्यांना हाताला धरून उतरवलं.

भाचा हे सगळं डोळे मोठे करून बघत होता. मोठ्या कार्यक्रमाच्या आधी त्यांना जे शिकवतात ते नेमकं हेच, असं तो म्हणाला. गाडी सुटायच्या आधी सांगायचं, कारण तेव्हाच माणसाच्या हातात निर्णय असतो. आधी काय बंद आहे ते, मग त्याऐवजी काय करायचं ते. आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना नावाने, म्हणजे जागेच्या नावाने, हाक मारायची.

याच्या उलटं दृश्यही बघितलंय. फुटबॉलच्या एका सामन्याच्या संध्याकाळी गाडी न सांगता भलत्याच रस्त्याला वळली. खिडकीतून बघून बघून लोकांना कळलं. मग एकच गलका. एक मुलगी क्लासला निघाली होती, ती रडवेली झाली. दोघांनी चालत्या गाडीतून उड्या मारायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरला पोलिसांनी ऐनवेळी वळवलं असणार, त्यांचाही दोष नसेल. पण एक वाक्य सांगायला काही लागत नव्हतं.

जोतिबाच्या यात्रेला मात्र मी मनापासून दाद देते. जादा गाड्या, एक भरली की सुटली, लगेच दुसरी रांगेत पुढे. मी गेले तिथे तिकिटं खाली रांगेतच फाडली जात होती, त्यामुळे दारात कुणी अडत नव्हतं. गुलालाने माखलेली माणसं, लहान पोरं, नारळाच्या पिशव्या, तरी गाडी चटकन भरायची. मेलबर्नला टेनिस किंवा फुटबॉलचा मोठा सामना असला की तेही असंच करतात. सामना संपायच्या आधीच जादा ट्राम जवळ आणून ठेवतात, वेळापत्रक बाजूला, गाडी भरली की सोडायची, फलाटावर माणसं वाट दाखवायला उभी. त्यांची मोठी ट्राम ३३ मीटर लांब, त्यात २१० माणसं मावतात, आणि सगळी दारं एकदम उघडतात. आपल्याला ते नाही, पण रांगेत तिकीट देणं हा त्याच दुखण्यावरचा आपला उपाय आहे. तो रोज संध्याकाळी शिवाजी चौकात का नको?

"अर्धा तास काही नाही आणि मग दोन एकदम" ही तक्रार सगळेच करतात. भाच्याने याचं कारण सांगितल्यापासून माझा राग कमी झाला. पहिली गाडी थोडी मागे पडली की थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढेपर्यंत ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, ती भरभर येऊन पहिलीला गाठते. ट्रामला ओलांडून जाता येत नाही, म्हणून तिथे कधी कधी उशीर झालेली ट्राम शेवटपर्यंत न नेता मधूनच परत फिरवतात. चढणाऱ्यांनी करायचं काय? मागची दिसत असेल तर तिने जावं. मी आता तसंच करते आणि बसायला जागा मिळते.

उतरताना मात्र जीव मुठीत. गाडी फुटपाथपासून लांब थांबते आणि त्या फटीतून दुचाक्या सुसाट जातात. मेलबर्नला ट्रामचं दार उघडं असेल तर मागच्या मोटारींना थांबावंच लागतं, तो कायदा आहे. इथे कंडक्टर हात बाहेर काढून दुचाकी अडवतात, तेवढाच आधार. यावर काहीतरी व्हायलाच हवं. माझ्यासमोर एका काकांच्या चपलेवरून चाक गेलंय.

भाचा आला की गल्लीतले लोक हमखास विचारतात, आपल्याकडे ट्राम का नाही? मुंबईत होती, १८७४ साली घोड्यांची सुरू झाली, १९०७ पासून विजेवर धावली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. कोल्हापुरात महाद्वार रोडवर रूळ टाकून विसर्जन मिरवणुकीचं काय करणार? बसच बरी. रस्ता बंद असेल तर वळते तरी.

शेवटी पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये बसमध्ये चढलेला माणूस तिकिटाआधी विचारतो, "पाणी किती?" आणि कुणीतरी सांगतंच, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट इतके इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. ते आकडे ऐकून लोक सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात, शिरोलीकडचं काम पुढे ढकलतात. एक ठरलेली जागा, एक आकडा, सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत. एवढी उत्तम सूचना ज्या गावाला रोज द्यायची आणि ऐकायची सवय आहे, त्या गावाच्या थांब्यांवर "आज अमुक रस्ता बंद, गाडी तमुक चौकातून" एवढी एक ओळ खडूने लिहिणं अवघड नाही. गणपतीच्या आधी हीच मागणी आम्ही काही प्रवासी मिळून लेखी देणार आहोत. मोठ्या थांब्यांवर फळा, आणि रस्ता बदलला की गाडी सुटायच्या आधी कंडक्टरांकडून तोंडी सूचना.

नव्याने बस धरणाऱ्यांसाठी: सुट्टे पैसे हातात ठेवा, पुढच्या थांब्याला उतरायचं असेल तर आधीच्या थांब्यावरच उठा, रंकाळ्याहून बसलात तर सकाळी जागा मिळते, परतीला शिवाजी चौकात मिळत नाही. सणाच्या दिवशी चढण्याआधी "कुठनं जाणार?" हे विचाराच. आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ दिवसाच कंडक्टरांना विचारून ठेवा, थांब्यावरच्या पाटीवर विसंबू नका.