बजाज चेतक ३५ मालिका: गाडी बघायच्या आधी पार्किंग बघा

बजाजची इलेक्ट्रिक स्कूटर चेतक ३५ घ्यायचा विचार असेल तर शोरूमला जायच्या आधी एकदा जिना उतरून पार्किंगमध्ये जा. गाडी जिथे लावणार त्या भिंतीवर किंवा खांबावर मोठा, म्हणजे १६ अँपियरचा सॉकेट आहे का, त्याला अर्थिंग आहे का आणि तो कुणाच्या मीटरवर आहे, एवढं बघून या. या मालिकेत बॅटरी पाय ठेवायच्या जागेखाली पक्की बसवलेली आहे. ती काढून चौथ्या मजल्यावर नेता येत नाही. सॉकेट मिळण्याची शक्यताच नसेल तर हिरोच्या विडासारखी, बॅटऱ्या काढून घरात नेता येतील अशी गाडी बघा, नाहीतर सरळ पेट्रोलची घ्या. इलेक्ट्रिकच घ्या असं सरकार कितीही म्हणो.

आता गाडी. डिसेंबर २०२४ मध्ये ३५०१ आणि ३५०२ आल्या, एप्रिल २०२५ मध्ये स्वस्तातली ३५०३ आली. तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती साधारण १ लाख २७ हजार, १ लाख २० हजार आणि १ लाख १० हजार. बॅटरी तिन्हींत तीच, ३.५ किलोवॉट-तासांची. फरक बाकीच्या गोष्टींत आहे. ३५०१ ला चार्जर गाडीतच बसवलेला, ९५० वॉटचा. ३५०२ आणि ३५०३ ला तो वेगळा डबा म्हणून मिळतो. पहिल्या दोन ताशी ७३ पर्यंत जातात, ३५०३ ला ६३ वर लगाम आहे. ब्रेक, पडदा यांतही काटछाट आहेच.

अंग पत्र्याचं आहे, हा या गाडीचा खरा गुण. पार्किंगमध्ये शेजारच्या बुलेटचं हँडल घासलं तर डेंटिंगवाला ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून देतो. प्लास्टिकच्या अंगाला तडा गेला की अख्खं पॅनल मागवावं लागतं. बॅटरी खाली गेल्यामुळे सीटखाली ३५ लिटरची जागा मोकळी झाली आहे. वजनही खाली आल्याने खड्डे चुकवताना गाडी डुलत नाही. मात्र वेगळा चार्जर असलेल्या गाड्यांत तो डबा सोबत न्यायचा ठरवला की त्या ३५ लिटरांतली बरीच जागा तोच खातो. आणि न न्यावा तर पार्किंगमध्ये तो लटकता ठेवायचा कुणाच्या भरवशावर? ३५०१ चे जास्तीचे पैसे द्यायचे तर टचस्क्रीनसाठी देऊ नका, आतल्या चार्जरसाठी द्या.

कागदावरची रेंज दीडशेच्या पुढे आहे, ३५०१ ची १५३. कंपनी स्वतःच रस्त्यावरची १२५ सांगते. तुम्ही शंभर धरून चाला. एकटा माणूस, इको मोड, सपाट रस्ता, चाळिसाचा वेग असेल तर त्याहून जास्त मिळेल. मागे माणूस, पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ आणि साठच्या पुढचा वेग असेल तर नव्वदच्या आसपास आटोपेल. इथे वेगच जास्त मारतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. टायरमधली हवाही बघत जा. ती दहा टक्के कमी असेल तर पेट्रोलच्या गाडीत लक्षात येत नाही, इथे पडद्यावर किलोमीटर घटलेले दिसतात.

३५०१ शून्यावरून ८० टक्क्यांवर यायला तीन तास लागतात. उरलेल्या वीस टक्क्यांना वेळ त्या मानाने जास्त जातो, कारण सेल भरत आले की करंट मुद्दाम कमी केला जातो. रोज पूर्ण भरायची गरज नाही. २० ते ८० च्या दरम्यान ठेवली तर सेल जास्त टिकतात. महिन्यातून एकदा मात्र शंभर टक्के भरा, म्हणजे बॅटरीची नियंत्रण यंत्रणा सगळे सेल एका पातळीवर आणते आणि चार्जचा आकडाही खरा दिसायला लागतो.

वायरिंग कसं करायचं? स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन ओढा. स्कूटरपुरतं बघायचं तर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर केबल पुरते, पण पुढे चारचाकी यायची शक्यता असेल तर आत्ताच ४ ची आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची टाका. मीटरजवळ १६ अँपियरचा एमसीबी, त्याच्यासोबत गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, खाली पाणी न शिरणाऱ्या पेटीत सॉकेट आणि पेटीला कुलूप. तीस मीटर अंतराला मजुरीसह दहा ते पंधरा हजार धरा. लाइन सोसायटीच्या मीटरवरून घ्यायची असेल तर सब-मीटर बसवा आणि युनिटचा दर सर्वसाधारण सभेत ठरावाने मंजूर करून घ्या. तोंडी ठरलेला दर पहिल्या मोठ्या बिलाला मोडतो.

लोक करतात ते वेगळंच. गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडायचा, त्याला कन्व्हर्टर पिन, त्यात चार्जर. ९५० वॉट म्हणजे जेमतेम चार अँपियर, ऐकायला कमी वाटतं. पण इस्त्री दहा मिनिटं चालते आणि हे सलग तीन-चार तास. कन्व्हर्टरच्या ढिल्या पितळी पट्ट्या तापतात, प्लास्टिक मऊ पडतं, पिन आणखी ढिली होते, आणखी तापते. प्लगच्या एका पिनेभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं की सॉकेट त्याच दिवशी बदला.

खर्चाचा हिशोब. ३.५ किलोवॉट-तासांची बॅटरी भरायला चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून चार युनिट जातात. महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे शंभर किलोमीटरला बावन्न रुपये. पेट्रोल लिटरला १०४ आणि ॲव्हरेज ४५ धरलं तर तेवढ्याच अंतराला २३० च्या वर. किलोमीटरमागे पावणेदोन-एक रुपये वाचतात. वर्षाचे तीनशे दिवस धरून रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याचे सोळा हजार वाचले आणि गाडीतला ऑन-रोड फरक ३५ हजार असला तर सव्वादोन वर्षांत फिटला. रोज आठ किलोमीटर, म्हणजे मंडई आणि मुलांचा क्लास एवढंच असेल तर वर्षाला सव्वाचार हजार, फरक फिटायला आठ वर्षं. ऑइल, क्लच, पट्टा हे खर्च वाचतात म्हणून त्यातून थोडं वजा करा. पण प्रमाणित वॉरंटी ३ वर्षं किंवा ५०,००० किलोमीटरची आहे, तेव्हा आठ वर्षांचा हिशोब मांडणाऱ्याने वाढीव वॉरंटीची किंमतही त्यात धरावी. आणि घरचं बिल आधीच २८५ युनिटांवर असेल तर गाडीचे काही युनिट ३०० च्या वरच्या, महाग टप्प्यात पडतील.

या हिशोबातच इलेक्ट्रिकच्या सक्तीची अडचण आहे. एकच गाडी एकाला सव्वादोन वर्षांत परवडते, दुसऱ्याला आठ वर्षांत, आणि तिसऱ्याकडे सॉकेटच नाही. २०१९ मध्ये नीती आयोगाने सुचवलं की २०२३ पर्यंत सगळ्या नव्या तीनचाकी आणि २०२५ पर्यंत १५० सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकी इलेक्ट्रिकच असाव्यात. राजीव बजाज आणि टीव्हीएसचे वेणू श्रीनिवासन यांनी उघड विरोध केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बजाजनेच इलेक्ट्रिक चेतक दाखवली आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे-बेंगळुरूत विकायला काढली. २०२५ येऊन गेलं. तो प्रस्ताव नियम झालाच नाही आणि देशात विकल्या जाणाऱ्या शंभर दुचाकींत इलेक्ट्रिक सहाच्या आसपास आहेत. त्याआधी २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने सरकारी खात्यांसाठी १०,००० इलेक्ट्रिक मोटारींची निविदा काढली होती. दिल्लीत त्या गाड्या एका चार्जमध्ये ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरही जात नाहीत, अशी तक्रार खुद्द अधिकाऱ्यांनीच केली. ज्यांनी हुकूम काढायचे त्यांच्याच गळी तो उतरला नाही.

अनुदानाचंही तसंच. जून २०२१ मध्ये केंद्राच्या फेम-२ या अनुदान योजनेखाली किलोवॉट-तासाला १५,००० रुपये मिळायचे, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. १ जून २०२३ ला ते १०,००० वर आलं आणि मर्यादा १५ टक्क्यांवर. एप्रिल २०२४ पासून ५,०००, गाडीमागे जास्तीत जास्त १०,०००. एप्रिल २०२५ मध्ये ते २,५०० वर आणि गाडीमागे ५,००० वर आलं. म्हणजे शेजाऱ्याने २०२२ मध्ये कितीला घेतली हे विचारून उपयोग नाही, ते गणितच वेगळं होतं. वर २२ सप्टेंबर २०२५ ला पेट्रोलच्या लहान दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला. दोन्हींच्या किमतींतला फरक पुन्हा रुंदावला. एकीकडे इलेक्ट्रिकच घ्या म्हणायचं आणि दुसरीकडे पेट्रोलची स्वस्त करायची, यातून ग्राहकाने काय समजायचं? स्वस्त झाल्याबद्दल अर्थात कुणाची तक्रार नाही.

खरी सक्ती आज महाराष्ट्रात आहे ती बाइक टॅक्सीवर: २०२५ च्या नियमांनुसार गाडी इलेक्ट्रिकच हवी. दिवसभर भाडी मारणारा दीडशे किलोमीटर सहज करतो. शंभर धरलेल्या गाडीला मध्ये दोन-अडीच तास प्लगला लावावंच लागतं, आणि ते कुठे? सरकारी यादीतली बरीच चार्जिंग स्टेशनं मोटारींसाठी आहेत. तिथली मोटारींची जाड सीसीएस-२ चार्जिंग गन या गाडीला बसतच नाही. असा चालक बहुतेक वेळा चाळीत किंवा वस्तीत राहतो, जिथे गाडी गल्लीत उभी असते आणि मीटर दुसऱ्याच्या नावावर. नियमाचा पहिला बोजा बरोबर त्याच्यावर पडला. त्या कामासाठी चेतक घेऊ नका. बॅटरी बदलून मिळणारी किंवा झटपट चार्ज होणारी गाडी बघा.

सगळेच नियम नको असं नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यावर उभी असलेली स्कूटर पेटली, देशात इतरत्रही पेटल्या. त्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकाच्या कडक चाचण्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. ती सक्ती हवीच होती, उलट उशिराच आली. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर स्वस्तात मिळत असेल तर तिच्या उत्पादनाचा महिना बघा. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर मोहात पडू नका.

दुरुस्तीचं काय? १९७२ ची चेतक तिरकी करून किक मारत मारत कुठल्याही गॅरेजपर्यंत जायची. नवीचे टायर, ब्रेक शू, केबल कोपऱ्यावरचा मेकॅनिक करून देईल. कंट्रोलर, बॅटरी आणि सॉफ्टवेअरला डीलरशिवाय गत्यंतर नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते मोजा, कारण बंद पडलेली गाडी टेम्पोतूनच जाईल. पावसाळ्यात चार्जिंगच्या झाकणाचं रबर नीट बसतंय का ते बघा आणि सर्व्हिसला प्रेशरचं पाणी थेट कनेक्टरवर मारू देऊ नका.

पुरवठ्याबद्दल एक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि जुलै-ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन घटलं, कारण ती चुंबकं मोटरमध्ये लागतात. तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ यावर जुनी गाडी विकून टाकू नका. नवी हातात येईपर्यंत जुनी ठेवा.

मॉडेल निवडताना: पार्किंगला पक्का सॉकेट आणि रोजचे पंचवीस किलोमीटरच्या वर असतील तर ३५०१. शहरातच फिरणं असेल, हायवेला लागायचं नसेल तर ३५०३ चे ६३ पुरतात. सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला तेवढेही मिळत नाहीत. ३५०२ घेताना टेकपॅक वेगळं पडतं हे किंमत ऐकतानाच विचारा. स्पोर्ट मोड आणि चढावर गाडी धरून ठेवायची सोय त्यात आहे, आणि कोटेशनमध्ये तो आकडा तळाशी येतो.