ग्रीन कार्ड परत केल्यानंतर पुन्हा अमेरिकेत नोकरी : पुण्यातील एका सल्लासेवेचा अनुभव

ग्रीन कार्ड एकदा स्वतःहून परत केले की अमेरिकेचे दार कायमचे बंद होते, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की कंपनीने मला न्यू जर्सीच्या कार्यालयात व्यवस्थापक म्हणून पाठवायचे ठरवले तेव्हा आनंदाआधी मला २०१८ सालचा तो अर्ज आठवला. वडिलांच्या आजारपणामुळे आम्ही पुण्याला परतलो होतो आणि त्या डिसेंबरात मी व पत्नीने आय-४०७ हा अर्ज वेगवेगळा भरून आपापली कार्डे परत केली होती. कंपनीचे वकील होतेच, परंतु ते कंपनीचे काम पाहतात. माझ्या जुन्या निर्णयाचे परिणाम मला समजावून सांगणे त्यांच्या कामात बसत नव्हते. म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेतील वकिलीची सनद असलेल्या वकीलबाई पुण्यात चालवतात त्या या छोट्या कार्यालयाकडून मी तासाभराचा सल्ला घेतला.

त्याआधी मी एका एजंटाकडे जाऊन आलो होतो. त्याने भल्यामोठ्या रकमेचे पॅकेज पुढे केले आणि वर ‘जुन्या कार्डाचा विषय काढूच नका’ असे बजावले. इथे पहिल्या दहा मिनिटांतच नेमके उलटे ऐकायला मिळाले. तुमच्यासाठी पूर्वी कोणी स्थलांतराची पिटिशन, म्हणजे विनंतीअर्ज, दाखल केली होती का, हा प्रश्न व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातच असतो, उत्तर अमेरिकी सरकारच्या नोंदींत आधीपासून असते, आणि व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचे ठरले तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. कार्ड परत करणे हा मात्र दोष नव्हे. वर्षानुवर्षे भारतात राहून कार्ड कपाटात जपणाऱ्यांपेक्षा तुमचा कागद स्वच्छ आहे, असे बाईंनी सांगितले तेव्हा माझ्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरले.

या सेवेचे खरे मोल मला व्हिसाच्या निवडीत दिसले. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या कमाल सहा वर्षांपैकी पाच मी २०१२ पूर्वीच वापरली होती. उरलेले एक वर्ष मर्यादित जागांसाठीच्या लॉटरीशिवाय मागता आले असते, पण नवी सहा वर्षे हवी असतील तर पुन्हा लॉटरी. शिवाय २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर भरण्याची अट आलेली. याउलट त्याच कंपनीच्या पुणे शाखेत मी चार वर्षे काम करत असल्याने एल-१ए या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाची, म्हणजे मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष परदेशी शाखेत नोकरी केल्याची अट पूर्ण होत होती. त्याला लॉटरी नाही आणि ती लाख डॉलरची अटही लागू नाही. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यामुळे मुदतही नव्याने, कमाल सात वर्षांची, मोजली जाते. एल-१ आणि एच-१बी या दोन्ही व्हिसांना ‘मायदेशी परत येणारच’ हे सिद्ध करण्याची गरज नसते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. पत्नीला एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर वेगळ्या परवान्याविना नोकरी करता येईल, हेही तिथेच कळले.

कराबाबत आपण सल्ला देत नाही हे स्पष्ट करूनही बाईंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. मागील १५ करवर्षांपैकी ८ वर्षांत ज्याच्याकडे कार्ड होते, त्याला ते परत करताना देश सोडणाऱ्यांसाठीचे करनियम लागू होतात, आणि त्या मोजणीत वर्षातला एक दिवसही पूर्ण वर्ष ठरतो. माझी वर्षे २०१२ ते २०१८, म्हणजे सात. पंधरा दिवस आळस केला असता तर आठवे वर्ष लागले असते, आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती!

आता तक्रारी. पंधरा हजार रुपये आगाऊ घेतले जातात, त्याला माझी हरकत नाही. पण तीन दिवसांत मिळणारे लेखी टिपण नऊ दिवसांनी आले आणि त्यात पत्नीने कार्ड परत केल्याचे वर्ष २०१९ असे पडले होते. ज्या कार्यालयाने मला एका वर्षाचे महत्त्व समजावले, त्यानेच ही चूक करावी याचे नवल वाटले. दोनदा फोन केल्यावर दुरुस्ती झाली.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत अधिकाऱ्याने कार्ड का परत केले एवढेच विचारले. मी वडिलांचे आजारपण सांगितले, आय-४०७ ची प्रत पुढे केली आणि मुलाखत आटोपली. मात्र अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावर जुनी नोंद पाहून आम्हाला आतल्या खोलीत पाऊण तास बसवले जाईल, याची पूर्वकल्पना या कार्यालयाने द्यायला हवी होती. प्रत हातातल्या पिशवीत ठेवण्याची बुद्धी पत्नीला झाली म्हणून बरे. मी ती चेक-इनच्या बॅगेत टाकणार होतो.