जीटीएक्स १०६० आणि आरटीएक्स ४०६०: तपशिलांच्या तक्त्यातील दोन ओळी

जत्रांच्या आणि कालोत्सवांच्या दिवसांत गोव्याच्या फोंडा तालुक्यातील देवळांच्या मंडपांत रात्र-रात्र चालणाऱ्या मराठी नाटकांच्या चित्रफितींचे संपादन मी करतो. या कामासाठी सहा जीबी मेमरीचे एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड मी २०१७ पासून वापरत होतो. ते बदलून आठ जीबीचे आरटीएक्स ४०६० घेतले, त्याला आता तीन ऋतू झाले. आमच्याकडे अजूनही अनेकांच्या संगणकांत हेच जुने कार्ड आहे आणि नवे घ्यावे की नाही, असे मला वारंवार विचारले जाते. म्हणून दोन्ही कार्डांचे तपशील एकमेकांशेजारी ठेवून, त्यांतील कोणता आकडा कामाचा आणि कोणता फसवा, हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले कार्ड जुलै २०१६ मध्ये २४९ डॉलर किमतीला बाजारात आले, तर दुसरे जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला. सर्वप्रथम डोळ्यांत भरतो तो कूडा कोअरचा, म्हणजे गणिते करणाऱ्या चिपमधील छोट्या घटकांचा आकडा: जुन्या कार्डात १२८०, नव्यात ३०७२. बूस्ट वेगही (काम पडल्यावर चिप गाठते तो वेग) १७०८ मेगाहर्ट्झवरून २४६० मेगाहर्ट्झवर गेला आहे. या दोहोंच्या गुणाकारातून येणारी कागदोपत्री गणनक्षमता ४.४ टेराफ्लॉप्सवरून १५.१ टेराफ्लॉप्सवर (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते), म्हणजे जवळजवळ साडेतीन पटींवर पोहोचते. मात्र हा पट जसाच्या तसा पदरात पडत नाही. नव्या रचनेत निम्मे कोअर दशांश संख्यांची आणि पूर्णांकांची अशी दोन्ही कामे आळीपाळीने करतात. त्यामुळे पूर्णांकांची गणिते आली की दशांशांच्या गणितासाठी मोकळे उरणारे कोअर तितके कमी होतात. दोन वेगळ्या पिढ्यांचे कोअर मोजून तुलना करणे म्हणूनच चुकीचे ठरते. वेग वाढला आहे आणि तो स्पष्ट जाणवतो, पण खोक्यावरील आकड्याइतका नाही.

खरा विचार करायला लावते ती मेमरीची ओळ. सात वर्षांत मेमरी वाढली ती केवळ दोन जीबी, आणि मेमरी बसची, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातील मार्गाची, रुंदी तर १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आली. जीडीडीआर५ प्रकारच्या मेमरीच्या जागी अधिक वेगवान जीडीडीआर६ वापरल्यामुळे सेकंदाला १९२ जीबीऐवजी २७२ जीबी माहिती वाहून नेता येते, पण गणनक्षमता तिपटीहून अधिक वाढलेली असताना वहनक्षमता दीडपटही वाढलेली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी चिपमधील एल-२ कॅशे (माहितीचा छोटा, जलद साठा) दीड एमबीवरून थेट २४ एमबी करण्यात आली आहे. वारंवार लागणारी माहिती चिपमध्येच सापडली तर मेमरीकडे धाव घ्यावी लागत नाही, आणि १०८०पी (फुल एचडी) वरील संगणकीय खेळांत हा उपाय उत्तम चालतो. परंतु कॅशेमुळे मेमरीची जागा वाढत नाही. मंडपातल्या मंद उजेडात टिपलेल्या चित्रात दाणे फार येतात. ते काढणारे फिल्टर मागचे-पुढचे अनेक फ्रेम एकाच वेळी मेमरीत धरून ठेवतात, आणि ४के चित्रफितीवर असे दोन-तीन थर चढवले की आठ जीबी अपुरी पडते. माझ्या मते हा या कार्डाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याला पर्याय उपलब्ध होता, कारण शेवटी ‘६०’ असलेल्या याच मालिकेतील २०२१ चे आरटीएक्स ३०६० बारा जीबी मेमरी आणि १९२ बिटांची बस घेऊन आले होते. नवे कार्ड खालच्या दर्जाच्या चिपवर बेतले आहे, हे चिपच्या नावावरूनही कळते: १०६० मध्ये जीपी१०६ होती, ४०६० मध्ये एडी१०७ आहे, आणि १०६० च्या पास्कल पिढीत शेवटी ‘१०७’ असलेली चिप १०५० या खालच्या कार्डात बसवली जात असे.

जुना मदरबोर्ड कायम ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कार्डाला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाच्या सोळा लेन १०६० वापरते. ४०६० केवळ आठ वापरते. पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० आवृत्तीच्या बोर्डावर त्याने फरक पडत नाही, पण ३.० च्या बोर्डावर मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे १६ जीबीवरून ८ जीबीवर येते. कार्डाची मेमरी भरून माहिती संगणकाच्या रॅममध्ये सांडू लागली की हाच अरुंद मार्ग काम अडवतो. म्हणजे वर सांगितलेला दोष जुन्या बोर्डावर अधिक बोचतो.

विजेच्या बाबतीत मात्र नव्या कार्डाचे मनापासून कौतुक करावे लागेल. १०६० चे प्रमाण १२० वॅट होते, ४०६० चे ११५ वॅट आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि संपादनाचा संगणक यूपीएसवरच चालवावा लागतो. पॉवर सप्लाय आणि यूपीएस न बदलता एवढा वेग मिळणे ही मोठी सोय आहे. बहुतेक ४०६० कार्डांना आठ पिनांची जोडणी लागते, तेव्हा जुन्या पॉवर सप्लायमध्ये ती आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो एव्ही१ या चित्रफीत आटोपशीर करून साठवण्याच्या नव्या पद्धतीच्या एन्कोडरचा. जुन्या कार्डाला एच.२६४ आणि एचईव्हीसी या आधीच्या पद्धतींतच एन्कोड करता येत होते, एव्ही१ उलगडताही येत नव्हते. नवे कार्ड एव्ही१ हार्डवेअरवर तयार करते, आणि तेवढ्याच दर्जाची फाईल एच.२६४ पेक्षा बरीच लहान होते; चार तासांचे नाटक यूट्यूबवर चढवताना याचे महत्त्व कळते. ज्यांचा कॅमेरा एचईव्हीसी ४:२:२ (रंगांची अधिक माहिती ठेवणारा प्रकार) मध्ये चित्रीकरण करतो, त्यांना मात्र दोन्हींपैकी कोणतेही कार्ड ती फाईल उलगडण्यात मदत करणार नाही. रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचे खरेखुरे गणित) खास हार्डवेअर, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठे करणे) आणि फ्रेम जनरेशन (मधले फ्रेम कार्डानेच तयार करणे) या खेळांच्या सुविधा फक्त नव्या कार्डात आहेत. यांपैकी फ्रेम जनरेशनने चित्र गुळगुळीत दिसते, पण कळ दाबल्यानंतरचा प्रतिसाद त्याने जलद होत नाही.

१०६० घेऊन बसलेल्यांना माझा सल्ला असा: काम १०८०पी चे असेल आणि बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० चा असेल, तर ४०६० निःशंकपणे घ्यावे. ४के वर दाणे काढण्याचे काम नित्याचे असेल, तर बारा जीबीचे ३०६० अधिक वीज खाऊनही, म्हणजे १७० वॅट घेऊनही, अधिक उपयोगी पडेल. माझे जुने १०६० गावच्या नाट्यमंडळाच्या संगणकात बसवले आहे. एनव्हिडियाने पास्कल कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवण्याचे आणि सुरक्षेचे अद्ययावतीकरण ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरू ठेवण्याचे जाहीर केले आहे, आणि तालमींच्या चित्रफिती कापण्याजोडण्याला ते कार्ड आजही पुरेसे आहे.